पुठ्ठ्यावरची उत्तरं

"मी बघतो" हे बुकिंगसाहेबांचं आवडतं वाक्य. गिझर बिघडला, मी बघतो. विम्याचा हप्ता, मी बघतो. आईचे डोळे तपासायचेत, मी बघतो. आणि ते खरंच बघायचे, एवढं त्यांच्या बाजूने मान्य करायला हवं. मालवाहतूक कंपनीच्या बुकिंग ऑफिसात बसून कोणता ट्रक कुठे जाणार हे दिवसभर ठरवणाऱ्या माणसाला घरी आल्यावर गप्प बसणं जमत नाही. 'बुकिंगसाहेब' हे नाव त्यांना ट्रकवाल्यांनी ठेवलेलं, अर्धं आदराने आणि अर्धं वैतागाने. बायकोही मनातल्या मनात त्यांना हेच म्हणायची, आणि तिच्याकडेही दोन्ही अर्धी होती.

ती एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. पेशंट तिला एक्स-रेबाई म्हणत. दिवसभर ती काचेमागे उभी राहून अनोळखी माणसांना हुकूम सोडायची. "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा." भलेभले मुकाट ऐकायचे. एकदा एक मोठे पोलीस अधिकारी तिच्यासमोर बनियन काढून हनुवटी वर करून उभे राहिले होते आणि तिने "सोडा" म्हणेपर्यंत लाल होत गेले होते. घरी मात्र तिचा श्वास घेण्या-सोडण्याचं बुकिंग साहेबांकडे होतं.

परदेशातली नोकरी तिने मिळवली. जाहिरात तिने शोधली, त्या देशाची भाषा ती ओट्याशी उभी राहून क्रियापदं घोकत शिकली, परीक्षा पास झाली, मुलाखत दिली, निवड झाली. त्यावर बुकिंगसाहेबांनी अख्ख्या इमारतीत सांगितलं, "आम्ही बाहेर चाललोय." आम्ही म्हणजे ती आधी जाणार आणि साहेब मागाहून, भाषेची परीक्षा पास झाले की. पण ते काही पास होत नव्हते. पुस्तकातच चुका आहेत, असं साहेबांचं ठाम मत होतं.

आता सगळं एका खात्यापाशी अडलं होतं. तिकडच्या दवाखान्याने स्पष्ट कळवलं होतं की पगार तिकडच्या बँकेतच जमा होईल, खातं एकट्या तिच्या नावाचं हवं, आणि निघण्याआधी उघडलेलं हवं. महिनाअखेरपर्यंत खातं नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. त्यात काकुळतीला येऊन विनंती करायची सोयच नव्हती, कारण पत्राखाली कोणाचं नावच नव्हतं.

"मी बघतो," साहेब म्हणाले.

आणि ती कामावर असताना एका दुपारी त्यांनी तिचा अर्ज ऑनलाइन भरूनही टाकला. मोबाइल नंबर स्वतःचा, ई-मेल स्वतःचा. "तुझ्या कुठे लक्षात राहणार ते सगळं!" शेवटी बँकेने ओळख पटवण्यासाठी तीन खाजगी प्रश्न विचारले होते, म्हणजे पुढे कोणी लबाड माणूस तिचं नाव सांगून आला तर पकडला जावा. आवडता रंग. लहानपणची जिवलग मैत्रीण. आणि लहानपणी कोण व्हायचं होतं. साहेबांनी तिन्हींची उत्तरं एका दमात ठोकून दिली. बायकोला विचारायला फोन करावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. माहीत असलेल्या गोष्टी कोण विचारत बसतं?

संध्याकाळी तिने उत्तरं वाचली. रंग, निळा.

"निळा कशावरून?" तिने विचारलं.

"रोज निळाच घालतेस की."

"अहो, तो दवाखान्याचा युनिफॉर्म आहे."

"मग? आवडला नसता तर बोलली असतीस."

जिवलग मैत्रिणीच्या जागी साहेबांनी स्वतःच्या बहिणीचं नाव घातलं होतं. ही नणंद एक्स-रेबाईला पहिल्यांदा दिसली ती लग्नाच्या बोलणीत, आणि त्या दिवसापासून दोघींचं जे काही होतं त्याला मैत्री म्हणायला बरंच धाडस लागलं असतं. लहानपणी कोण व्हायचं होतं, यापुढे लिहिलं होतं, शिक्षिका.

"हे खोटं आहे सगळं," ती म्हणाली.

"खोटं-खरं जाऊ दे. विचारतील तेव्हा जुळलं पाहिजे. बँकेला जुळणारं लागतं."

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "अगदी बरोबर." त्यांनी उभी हयात बँकेत कॅशियर म्हणून काढली होती आणि बँकेचा विषय निघाला की घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. "सही वेडीवाकडी असली तरी चालते, सूनबाई. मुळातल्या सहीशी जुळली म्हणजे झालं." आणि त्यांनी तिला सहीचा सराव करायला बसवलं. या बँकेला सही नकोच होती, तिला फक्त चेहरा बघायचा होता. हे कळलं तेव्हा सासऱ्यांना धक्काच बसला. सही न घेता खातं उघडणारी बँक उद्या पैसे न मोजताही देईल, असं त्यांनी झोपताना सासूबाईंना सांगितलं.

बँकेचा माणूस व्हिडिओवर समोर येऊन ओळख पटवणार होता. सूचना होती की खोलीत उजेड असावा, आवाज नसावा आणि अर्जदार एकटा असावा. पहिल्या दोन गोष्टी घराने फार मनावर घेतल्या. सासऱ्यांनी टेबललॅम्प हातात धरून स्टुलावर बसायचं ठरलं. सासूबाईंनी फ्रिजचं बटण बंद केलं, कारण तो घरघरतो, आणि घड्याळातला सेल काढून पदराला बांधला. तिसरी गोष्ट कोणाच्या डोक्यातच शिरली नाही. एकटा म्हणजे परका कोणी नको, एवढाच अर्थ घराने घेतला. घरच्या माणसांना कोणी माणसांत मोजतं का?

साहेबांनी चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि त्यांवर जाड पेनाने एकेक उत्तर लिहिलं. भाषा त्यांना येत नव्हती, त्यामुळे कोणता प्रश्न चालू आहे ते त्यांना कळणार नव्हतं. पण अर्जात क्रम होता, त्याच क्रमाने ते पुठ्ठे दाखवणार होते. "तू फक्त वाच," ते म्हणाले. "बाकी मी बघतो."

ती हो म्हणाली. तिला नोकरी हवी होती. निळा म्हणायला तिच्या बापाचं काय जात होतं?

ठरल्या वेळी फोनवर एक गोरटेला, नीट भांग पाडलेला इसम आला. आवाज इतका नम्र की तो चांगली बातमी सांगतोय की वाईट हे ओळखू येऊ नये. त्याने तिला सरळ बघायला सांगितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग हनुवटी वर. तिला मनातून गंमत वाटली. श्वास धरून ठेवा एवढंच म्हणायचं तो विसरला होता.

"आवडता रंग?"

फोनच्या मागे पुठ्ठा वर झाला. "निळा," तिने त्याच्या भाषेत सांगितलं. त्याने खाली बघून माउसवर टिचकी मारली.

"लहानपणची जिवलग मैत्रीण?"

दुसरा पुठ्ठा. घसा खाकरून तिने नणंदेचं नाव घेतलं. बँकवाल्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच जरासा हसला. "वा. अजून भेटता का एकमेकींना?"

"भेटतो," ती म्हणाली. "फार भेटतो."

"भाग्यवान आहात." पुन्हा टिचकी. "आणि लहानपणी तुम्हाला कोण व्हायचं होतं?"

साहेबांनी 'शिक्षिका'चा पुठ्ठा छातीशी धरला होता आणि ते मान हलवून तिला धीर देत होते. सासऱ्यांनी दिवा आणखी वर धरला होता. सासूबाई फ्रिजवर हात ठेवून उभ्या होत्या, न जाणो तो आपणहून सुरू झाला तर! या तिघांपैकी एकालाही आपण आता काय बोलणार ते कळणार नाही, हे एक्स-रेबाईच्या त्या क्षणी ध्यानात आलं. इतकी वर्षं या घरात राहून ही मोकळीक तिला कधी मिळाली नव्हती. घर माणसांनी भरलेलं आणि ऐकणारं कोणी नाही! ट्रकला त्या भाषेत वेगळाच शब्द होता. तिने तो शिकताना मुद्दाम पाठ केला होता, परीक्षेला नसूनही.

"ट्रक ड्रायव्हर," तिने त्या भाषेत सांगितलं.

साहेबांनी समाधानाने मान डोलावली आणि पुठ्ठा खाली ठेवला.

बँकवाल्याची टिचकी वाजली नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी तर आवाज चांगला खणखणीत निघाला. मग त्याने मोबाइल नंबर विचारला. तिने स्वतःचा सांगितला. तोही जुळला नाही, ई-मेलही जुळला नाही. तो बराच वेळ खाली बघत राहिला. "बाईसाहेब," शेवटी तो म्हणाला, "आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही तुम्ही नाही आहात."

तिलाही अलीकडे तसा संशय यायचा.

"कृपया कॅमेरा खोलीभर फिरवा. सावकाश."

तिने फोन उचलला आणि फिरवला. बँकवाल्याला आधी स्टुलावर बसलेले, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, दिवा धरलेले एक म्हातारे गृहस्थ दिसले. ते लगबगीने उठले आणि त्यांनी एका बँकवाल्याने दुसऱ्याला करावा तसा नमस्कार केला. मग फ्रिजला कवटाळून उभी असलेली एक म्हातारी दिसली. मग हातात पुठ्ठे घेतलेला, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा एक माणूस.

"हे सगळे कोण?"

"घरचे," ती म्हणाली.

बँकवाला हसला नाही. ग्राहकावर दबाव असल्याची शंका, असं त्याने नोंदवलं आणि ते तिला वाचूनही दाखवलं. अर्ज रद्द. नवा अर्ज तिने स्वतः भरायचा, स्वतःच्या नंबरवरून, आणि खोलीत दुसरं कोणी असता कामा नये. आणखी एकच संधी. तीही हुकली तर वर्षभर या बँकेचं दार बंद. नम्रपणे निरोप घेऊन तो गेला.

"झालं ना?" साहेबांनी विचारलं.

तिने सगळं मराठीत सांगितलं. काहीही गाळलं नाही.

सासऱ्यांनी दिवा विझवला. मग ते म्हणाले, आमच्या वेळी ग्राहकाबरोबर सगळं घर यायचं, आम्ही खुर्च्या द्यायचो. सासूबाई म्हणाल्या, "एक शब्द वाचायचा होता गं, एवढा मोठ्ठा लिहिला होता त्याने." साहेबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता.

"ट्रक ड्रायव्हर?" ते म्हणाले. "हे काय नवीन?"

"नवीन नाही. सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"लग्नानंतर तुम्ही मला तुमचं ऑफिस दाखवायला नेलं होतंत. मागच्या यार्डात ट्रक उभा होता. मी म्हटलं, मला एकदा स्टिअरिंगवर बसायचंय, लहानपणापासून तेच करायचं होतं. तुम्ही हसलात. मग मला आत नेऊन तुमची फिरती खुर्ची दाखवलीत."

"मला वाटलं, तू गंमत करतेयस."

"मीही मग तसंच म्हटलं. गंमत केली म्हटलं."

अडलं की साहेब कामाला लागत. "बरं, झालं ते झालं," ते लॅपटॉप ओढून म्हणाले. "नवा अर्ज भरू. मी बघ..."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघू नका."

आवाज तिने चढवला नव्हता. तो काचेमागचा आवाज होता, फक्त घरात तो कोणी ऐकला नव्हता. साहेबांचे हात लॅपटॉपवर होते तिथेच राहिले. तिने तो काढून घेतला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. त्या रात्री फ्रिज सुरू करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. सकाळी दूध नासलेलं निघालं आणि त्याचं खापर अर्थातच परदेशी बँकेवर फुटलं.

आता एकटं बसायला जागा कुठे? घरात न्हाणीघराशिवाय कडी लागणारी खोली नव्हती, आणि न्हाणीघरातही सासूबाई बाहेरून "झालं का?" विचारत. विचार करता करता तिला आपल्याच एक्स-रे रूमची आठवण झाली आणि तिला स्वतःचं हसू आलं. शिसं घातलेल्या भिंती, शिसं घातलेलं जड दार, आणि दारावर लाल दिवा. तो दिवा लागला की आत किरण चालू आहेत असं समजून मोठे डॉक्टरही बाहेर थबकत. एरवी आत मोबाइलला काडीची रेंज नसे, पण फोटो वर डॉक्टरांकडे पाठवण्यासाठी वायफायचं खोकं आतच बसवलेलं होतं. दारावरच्या मावशींना तिने विश्वासात घेतलं. ड्यूटी संपली, शेवटचा पेशंट गेला आणि एक्स-रेबाईने पेशंट नसताना लाल दिवा लावला. आयुष्यातली ही तिची पहिली अफरातफर.

बुकिंगसाहेब यायचे ते आलेच. ऑफिसातून लवकर सुटून, काखेत पुठ्ठे घेऊन. न जाणो तिला मदत लागली तर! मावशी स्टूल टाकून दाराला आडव्या बसल्या होत्या.

"दिवा लाल आहे, साहेब."

"आत माझी बायको आहे."

"आत कोणी का असेना. दिवा लाल आहे."

दिवसभर ट्रकांना थांबवणारा माणूस एका बल्बसमोर थांबला.

आत एक्स-रेबाई स्वतःच पेशंटच्या जागी उभी होती. तोच नीट भांगाचा इसम, तोच आवाज. सरळ बघा, डावीकडे, उजवीकडे, हनुवटी वर. कॅमेरा खोलीभर फिरवा. त्याला रिकामं टेबल दिसलं, खुंटीला टांगलेले शिशाचे एप्रन दिसले, बंद दार दिसलं. या वेळी बँकेच्या यादीतून प्रश्न तिने निवडले होते आणि उत्तरंही तिने लिहिली होती. टिचकी, टिचकी, टिचकी.

"शेवटचा प्रश्न," तो म्हणाला आणि समोरचं काहीतरी वाचू लागला. हे तो प्रत्येकाला वाचून दाखवत असणार, दिवसातून कितीतरी वेळा, बहुधा दुसराच विचार करत. "हे खातं तुम्ही स्वतःच्या मर्जीने उघडत आहात का?"

तिला हो म्हणायचं होतं. पण ती 'मर्जी' या शब्दापाशीच अडली. कोणता रंग, कोणती मैत्रीण, कोणतं घर, सगळं तिच्या भल्यासाठीच कोणी ना कोणी ठरवून दिलं होतं. देश तेवढा तिने ठरवला होता, आणि त्याचंही पहिल्याच दिवशी 'आम्ही' झालं होतं. तुझी मर्जी काय, हे तिला आजवर घरात, माहेरात, कामावर कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते एका परक्या माणसाने, परक्या भाषेत, नियमात बसत होतं म्हणून. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि रडूच जास्त आलं.

"बाईसाहेब? खोलीत कोणी आहे का?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी एकटी आहे. हो. माझ्या मर्जीने."

"अभिनंदन. खातं उघडलं आहे." आणि पडदा काळा झाला.

तिने मोठा श्वास घेतला, धरून ठेवला, सोडला. मग तिने लाल दिवा बंद केला आणि दार ढकललं.

साहेब मावशींच्या स्टुलावर बसले होते. मावशी उभ्या होत्या. कोणी कोणाला कसं उठवलं ते विचारायच्या भानगडीत ती पडली नाही.

"झालं?"

"झालं."

"अरे वा!" ते खरंच आनंदले, डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं, आणि तिला त्यांचा राग धरता येईना. हीच तर त्यांची खोड होती. लगेच त्यांनी खिशातून पेन काढलं. "पासवर्ड सांग, लिहून ठेवतो. आणि या वेळी काय काय उत्तरं दिलीस?"

"कोणालाही सांगू नका असं बँकेने बजावलंय."

"कोणालाही म्हणजे? मी काय कोणीही आहे?"

मावशी एकदम फरशी पुसायला लागल्या. ती त्यांच्या समोर उभी राहिली, निळ्या युनिफॉर्ममध्ये, हात बांधून.

"तुम्हीच सांगा. मला कोणता रंग आवडतो?"

त्यांनी सवयीने तोंड उघडलं आणि त्यांची नजर युनिफॉर्मवर गेली. तोंड मिटलं. ते आठवू लागले. पडदे, चादरी, तिने दुकानात हातात घेऊन परत ठेवलेली कापडं. त्यांच्या कपाळावर इतक्या आठ्या तिने भाषेच्या पुस्तकासमोरही पाहिल्या नव्हत्या.

"माहीत नाही," बुकिंगसाहेब म्हणाले.

तिच्याबद्दल त्यांनी दिलेलं हे पहिलं बरोबर उत्तर होतं.

"पिवळा," ती म्हणाली. "सांगायला हरकत नाही. रंगाचा प्रश्न या वेळी मी घेतलाच नाही."

त्यांनी काखेतल्या पुठ्ठ्यांतून 'निळा'चा पुठ्ठा शोधून काढला, तो गुडघ्यावर उलटा ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, पिवळा. मग पेन तसंच धरून त्यांनी वर पाहिलं.

"मैत्रिणीचं नाव?" त्यांनी विचारलं.